मुसलमान घरांतील बालसंगोपन : श्रद्धा आणि भावना

मुसलमान घरांत मूल जन्मास आलें म्हणजे त्याच्या उजव्या कानांत अजानचे शब्द हलक्या स्वरांत उच्चारण्याची रीत आहे. त्या तान्ह्यास अरबी कळत नाहीं. खरें पाहतां कोणतीच भाषा कळत नाहीं. त्यास कळतो तो आवाजाचा मऊपणा, जवळ आलेल्या श्वासाची ऊब आणि सांभाळून धरणाऱ्या हातांचा आधार. धर्माचा पहिला शब्द बालकापर्यंत पोंचतो तो अर्थाच्या वाटेनें नव्हे, भावनेच्या वाटेनें. पुढें तें मूल चार-पांच वर्षांचें होतें, अक्षरें गिरवूं लागतें, सुरे पाठ करूं लागतें, आणि मग वडील माणसांचें सारें लक्ष शब्दांकडे वळतें. उच्चार शुद्ध झाला कीं नाहीं, पाठ कोठवर आला, रोजा पुरा झाला कीं मोडला, याची विचारपूस रोज होते. ज्या वाटेनें पहिला शब्द आंत गेला ती वाट मात्र हळूहळू ओस पडते. ती पुन्हा वाहती कशी ठेवावी, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

हा विषय कोणत्या तरी दूरदेशच्या पंडितांचा नाहीं. सोलापूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, बोरी नदीच्या कांठीं, तुळजापूर तालुक्यांत नळदुर्ग हें जुनें गांव आहे. त्याचा जिल्हा २०२३ पर्यंत उस्मानाबाद या नांवानें ओळखला जात असे. आतां तो धाराशिव झाला आहे. एके काळीं निजामी राज्यांत नळदुर्ग हेंच एका जिल्ह्याचें नांव होतें. आदिलशाहीचा अवाढव्य किल्ला येथें आहे, आणि वर्षांतील कांहीं महिने नळदुर्गांत व कांहीं महिने शेजारच्या अणदुरांत राहणारा खंडोबाही येथेंच आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. त्यामुळें अशा गांवांतील मुसलमान मुलाच्या कानांवर लहानपणापासून चार भाषा पडतात. घरांत अम्मा आणि नानी दखनी बोलतात. बाजारांत मराठी चालते. शाळा मराठी असते किंवा उर्दू. आणि नमाज अरबींत. चार भाषांचें हें धन कांहीं थोडें नव्हे. परंतु एक प्रश्न उरतोच. या मुलास भीति वाटली, हेवा वाटला, जिवलग कोणी गेलें, तर तें कोणत्या भाषेंत सांगावयाचें? आणि कोणास?

या प्रश्नाचें एक उत्तर याच मुलखानें तीन-चारशें वर्षांपूर्वीं दिलेलें आहे. नळदुर्ग ज्या विजापूरच्या राज्यांत होतें, तेथील सूफी साधूंनीं व त्यांच्या शिष्यांनीं दखनी भाषेंत लहान लहान पद्यें रचलीं. दळतांना म्हणावयाचीं तीं ‘चक्कीनामा’, सूत काततांना म्हणावयाचीं तीं ‘चर्खानामा’, आणि मुलास निजवितांना म्हणावयाचीं तीं ‘लोरीनामा’. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या विजापूरच्या सूफींवरील ग्रंथांत या गीतांचा सविस्तर विचार केला आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, दक्षिणेंतील खेड्यापाड्यांत धर्माच्या कल्पना पसरल्या त्या मोठाल्या फारसी ग्रंथांतून नव्हेत. बायकांच्या तोंडच्या या साध्या गाण्यांनीं त्या घरोघर नेल्या.

चक्कीनाम्याची रचना मोठी मनोवेधक आहे. जात्याचा उभा खुंटा हा अरबी वर्णमालेंतील पहिलें अक्षर जें ‘अलिफ’ त्यासारखा सरळ. अलिफ म्हणजे अल्लाहच्या नांवाचा आरंभ. जात्याचा मधला आंस म्हणजे पैगंबर. मनुष्याचा देह हेंही एक जातेंच. तें नीट चालावें म्हणून तें जपून फिरवावयाचें. आणि प्रत्येक फेऱ्यास ईश्वराच्या नांवाचें पालुपद. मराठी घरांतील ज्या वाचकांनीं पहाटेच्या ओव्या ऐकल्या असतील त्यांस ही रीत परकी वाटणार नाहीं. जातें एकच, पहाट एकच, हात तेच. एका घरांत विठोबाचें नांव, दुसऱ्या घरांत अल्लाहचें.

बालसंगोपनाच्या दृष्टीनें यांत महत्त्वाचें काय आहे? दळणाऱ्या आईच्या मांडीवर डोकें ठेवून मूल अर्धवट झोपेंत पडलेलें असे. त्याच्या कानांवर ईश्वराचें नांव पडे तें आईच्या दमलेल्या, कधीं आनंदी, कधीं दाटून आलेल्या आवाजांत. आई माहेर आठवून गहिंवरली तर तोच गहिंवर त्या नांवाला चिकटून येई. त्यामुळें मुलास नकळत एक गोष्ट समजे : जो अल्लाह म्हणून आहे त्याच्यापाशीं माणूस दमूं शकतें, रडूं शकतें, मन मोकळें करूं शकतें. हा पाठ कोणी शिकविला नाहीं, कोणी त्याची परीक्षा घेतली नाहीं. आणि तो जन्मभर विसरला गेला नाहीं.

जात्याची जागा पिठाच्या गिरणीनें घेतली हें बरेंच झालें. बायकांच्या हातांवरचे घट्टे गेले आणि त्यांची झोप वाढली. त्याबद्दल कोणी हळहळूं नये. परंतु जात्याबरोबर ती पहाटेची घटकाही गेली, आणि तिच्या जागीं दुसरी कोणतीच घटका आली नाहीं, ही खरी उणीव आहे. आतां धर्मशिक्षणाचा आरंभ बहुतेक घरांत मकतबांत होतो.

मकतबाची परंपराही सुंदर आहे. मूल चार वर्षें, चार महिने, चार दिवसांचें झालें म्हणजे ‘बिस्मिल्लाख्वानी’चा समारंभ करण्याची चाल हिंदुस्थानांतील मुसलमानांत फार दिवसांपासून आहे. नवे कपडे, गोड पदार्थ, जमलेले आप्त, आणि मुलाच्या तोंडून म्हणवून घेतलेले पहिले पवित्र शब्द. नंतर ‘कायदा’ म्हणजे अक्षरांची पहिली पोथी, त्यापुढें कुराणशरीफाचा शेवटचा, लहान लहान सुऱ्यांचा भाग, आणि मग सबंध कुराणाचें वाचन. हें वाचन ‘नाजिरा’ म्हणजे केवळ पाहून वाचण्याचें असतें. त्यांत अर्थ सांगितला जात नाहीं. पाठांतरास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पाढे, श्लोक, सुरे हीं लहान वयांत सहज मुखोद्गत होतात आणि म्हातारपणीं कामास येतात. दोष आहे तो दुसरीकडे : शब्द मकतबांत शिकविले म्हणजे धर्म शिकविण्याचें आपलें काम झालें, असें आई-बाप समजतात. मौलवीसाहेब तासाभरांत पंचवीस-तीस मुलांचा पाठ घेतात. त्यांतील एखादें मूल आज गप्प कां आहे, हें पाहण्यास त्यांस उसंत कोठून असणार? तें काम घराचें.

छडीचा प्रश्न येथेंच येतो. मुलें सात वर्षांचीं झालीं म्हणजे त्यांस नमाज पढण्यास सांगावें, आणि दहाव्या वर्षीं न पढल्यास शिक्षा करावी, अशा अर्थाची एक हदीस प्रसिद्ध आहे, आणि छडी उगारणारे तिचा हवाला देतात. पण तिचा पहिला भाग कोणी लक्षांत घेत नाहीं. सात ते दहा हीं तीन वर्षें नुसतीं सांगण्याचीं, सोबत घेऊन जाण्याचीं आहेत; रोज पांच नमाज धरले तर तीं पांच हजारांहून अधिक निमंत्रणें होतात. इतक्या वेळां प्रेमानें हात धरून नेलेल्या मुलावर हात उगारण्याची वेळ सहसा येणारच नाहीं. शिवाय जुन्या धर्मशास्त्रज्ञांनीं या शिक्षेवर इतकी बंधनें घातलीं आहेत कीं, रागाच्या भरांत मारणाऱ्यास तिचा आधार मिळूं नये. ज्या पैगंबरांचें नांव घेऊन छडी उगारली जाते, त्यांच्या सेवेंत अनस नांवाचा मुलगा दहा वर्षें होता. त्या सबंध काळांत त्यांनीं आपणांस कधीं ‘ऊफ’ म्हणूनही दटावलें नाहीं, अशी साक्ष त्यानेंच पुढें दिली आहे.

इब्न खल्दून या थोर इतिहासकारानें १३७७ सालीं लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’ ग्रंथांत तर या विषयावर स्वतंत्र प्रकरणच आहे. कठोरपणानें वाढविलेलें मूल खचतें, आळशी होतें, आणि मार चुकविण्यासाठीं खोटें बोलूं लागतें; पुढें तें खोटेपण हाच त्याचा स्वभाव बनतो, असें त्याचें प्रतिपादन आहे. आजचा कायदाही हेंच सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंतील शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास बंदी घातली. मात्र २०१२ च्या दुरुस्तीनें मदरसे, वेदपाठशाळा व मुख्यत्वें धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे मुलगा जेथें ईश्वराचें नांव शिकतो तेथें त्याच्या हातावर वळ उठतात कीं काय, हें पाहण्याची जबाबदारी प्रथम आई-बापांवर येते.

आतां भावनांकडे वळूं. बालमनाची व्यवस्था कशी असावी याचा उत्तम नमुना नळदुर्गच्या किल्ल्यांतच उभा आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत (१५८० ते १६२७) बोरी नदीवर भक्कम दगडी बंधारा घातला गेला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटांत पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यांत नदी भरली म्हणजे पाणी बंधाऱ्यावरून दोन ठिकाणीं खालीं कोसळतें. लोक त्या धबधब्यांस नर आणि मादी म्हणतात. एवढा लोंढा डोक्यावरून जात असतांही आंतला महाल कोरडा राहतो. बांधणाऱ्यानें पाण्याशीं भांडण केलें नाहीं. पाण्याला वाट करून दिली. वाट नसती तर भिंत कितीही जाड असती तरी टिकती ना. मुलाच्या मनांतही भिंत हवी आणि वाटही हवी. श्रद्धा, नियम, शिस्त ही भिंत. दुःख, भय, हेवा, लाज यांस शब्द मिळणें ही वाट. बहुतेक घरांतून भिंतीची काळजी घेतली जाते. वाटेचा विचार होत नाहीं.

पहिली भावना दुःखाची घेऊं. मूल रडूं लागलें कीं, ‘सबर कर, रोनेका नै’ असें सांगून त्यास गप्प बसविण्यांत येतें. ‘सब्र’ हा इस्लामांतील अत्यंत थोर शब्द आहे. पण मुलाच्या समजुतींत तो ‘रडूं नको’ एवढाच उरतो, आणि रडणें म्हणजे अल्लाहला न आवडणारी गोष्ट, असा त्याचा ग्रह होतो. मूळ परंपरा याच्या अगदीं उलट आहे. अनसचा धाकटा भाऊ अबू उमैर याजपाशीं एक लहानसा पक्षी होता. तो मेला. मूल खिन्न होऊन बसलें होतें. पैगंबर त्या घरीं येत असत. त्यांनीं मुलाचा उतरलेला चेहरा पाहिला, कारण विचारलें, आणि त्यास मोठ्या माणसासारखें ‘अबू उमैर’ असें मानानें हांक मारून त्या पक्ष्याची चौकशी केली. पक्षी तो काय आणि त्याचें दुःख तें काय, असें म्हटलें नाहीं. ज्यांच्या शिरावर सबंध समाजाचा भार होता त्यांनीं एका पांखराच्या मरणाची दखल घेतली, ही गोष्ट प्रत्येक बापानें ध्यानांत धरण्यासारखी आहे.

आणि त्यांचा स्वतःचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला तेव्हां त्यांचे डोळे वाहूं लागले. पाहणाऱ्यास नवल वाटलें. ही दया आहे, डोळे रडतात आणि मन दुःखी होतें, परंतु ईश्वरास न रुचेल असें तोंडांतून निघत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें. सब्राची व्याख्या याहून स्पष्ट काय असावयाची? अश्रूंस मनाई नाहीं. मनाई आहे ती ईश्वरावरचा विश्वास सोडण्यास.

या ठिकाणीं एका थोर शिक्षकाची आठवण करणें योग्य होईल. डॉ. झाकिर हुसेन हे ८ फेब्रुवारी १८९७ रोजीं हैदराबादेस जन्मले. पुढें जामिया मिलियाचे ते अनेक वर्षें प्रमुख होते, आणि १९६७ ते १९६९ या काळांत राष्ट्रपति. मुलांसाठीं त्यांनीं उर्दूंत गोष्टी लिहिल्या. ‘अब्बू खां की बकरी’ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. त्यांच्या चरित्रांत अशी हकीकत येते कीं, जामियाच्या लहान मुलांस ते मिठाई वांटीत असतां त्यांची धाकटी मुलगी वारल्याचें कोणी कानांत येऊन सांगितलें. मुलांच्या आनंदांत व्यत्यय नको म्हणून त्यांनीं वांटणी चालूच ठेवली. परंतु पुढें कित्येक सकाळीं त्यांची उशी भिजलेली आढळे. चारचौघांसमोर धीर, आणि एकांतांत अश्रु. सब्राच्या या दोन्ही बाजू मुलांस ठाऊक असाव्यात. मुलें बापाचा धीर पाहतात. त्याची भिजलेली उशी त्यांस सहसा दिसत नाहीं. म्हणून घरांत मृत्यु झाला असतां बापानें मुलांजवळ बसून आपल्या डोळ्यांतील पाणी लपवूं नये. त्यानें बापाचा मान कमी होत नाहीं.

दुसरी भावना भयाची. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपानें लातूर आणि धाराशिव हे दोन्ही जिल्हे हादरले. गणेशविसर्जनाची रात्र नुकतीच सरत होती. सुमारें आठ हजार माणसें गेलीं. किल्लारी, सास्तूर यांसारखीं गांवें मातीस मिळालीं. अशा वेळीं लहान मुलें सर्व घरांतून एकच प्रश्न विचारतात : असें कां झालें? आणि भेदरलेलीं वडील माणसें सर्व धर्मांत एकच उत्तर देतात : देवाचा कोप झाला, अल्लाहचा कहर झाला. या उत्तरानें मूल गप्प बसतें खरें, पण त्याच्या मनांत काय उभें राहतें? ज्या शेजारच्या मुलाचा जीव गेला त्यानें असा कोणता अपराध केला होता? आणि आपण काल खोटें बोललों, तर आज आपलें घर पडणार काय?

येथेंही परंपरा मदतीस येते. इ. स. ६३२ सालीं इब्राहीम वारला त्याच दिवशीं सूर्यग्रहण लागलें. लोक म्हणूं लागले कीं, पैगंबरांच्या पुत्रशोकानें सूर्यही काळवंडला. शोकानें व्याकुळ झालेल्या पित्यास ही समजूत गोड वाटली असती तर त्यांत नवल नव्हतें. परंतु त्यांनीं ती तेथल्या तेथें खोडून काढली : सूर्य आणि चंद्र या ईश्वराच्या खुणा आहेत, कोणाच्या जन्मानें वा मरणानें त्यांस ग्रहण लागत नाहीं. ग्रहण पाहून प्रार्थना करावी, पण त्यास कोणाच्या भाग्याशीं जोडूं नये. हीच दृष्टि भूकंपासही लावतां येते. भूगर्भांत खोल, जुन्या भेगेवर सांठलेला ताण सुटला आणि जमीन हादरली. माणसें दगावलीं तीं मुख्यतः घरांमुळें; जाड दगडांच्या, मातीनें सांधलेल्या भिंती आणि वरून माळवदाचा भार, हें सारें झोपलेल्या माणसांवर कोसळलें. मुलास हें सांगावें, आणि मग सांगावें कीं, जे गेले त्यांच्यासाठीं आपण दुवा मागूं, जे राहिले त्यांस भाकरी नेऊं. भूकंपानंतर ठिकठिकाणांहून सर्व धर्मांचे लोक त्या गांवांकडे धांवले, ही गोष्टही मुलांस सांगण्यासारखीच आहे. भीतीचें रूपांतर कर्तव्यांत करणें, हें श्रद्धेचें खरें काम आहे.

तिसरी भावना लाजेची. तिची परीक्षा रमजानांत होते. वयांत न आलेल्या मुलावर रोजा बंधनकारक नाहीं; तरी मोठ्यांचें पाहून सात-आठ वर्षांचीं मुलें हौसेनें रोजा धरतात, आणि पहिल्या रोजाचें कौतुकही थाटानें होतें. उन्हाळ्यांत रमजान आला, मराठवाड्याचें ऊन तापलें, आणि एखाद्या पोरानें दुपारीं माठांतलें पाणी चोरून घेतलें, तर काय करावें? गाजावाजा करून, ‘अल्लाह देखरा!’ असें दटावून त्यास चारचौघांत उभें करावें काय? इमाम गझाली (मृत्यु ११११) यांनीं आपल्या ‘इह्या’ ग्रंथांत बालशिक्षणाविषयीं जें लिहिलें आहे तें या बाबतींत फार शहाणपणाचें आहे. मुलाचें चांगलें कृत्य लोकांसमोर वाखाणावें. परंतु त्याच्या हातून एखादे वेळीं चूक झाली आणि तें स्वतःच ती लपवूं पाहत असेल, तर वडिलांनीं ती पाहिलीच नाहीं असें करावें. लपविणें याचाच अर्थ लाज जिवंत आहे. ती उघड्यावर आणली तर मरते, आणि मग मूल कोडगें होतें. त्याच चूक पुन्हा झाली तर एकांतांत समजवावें. त्याच ठिकाणीं गझालींनीं असेंही म्हटलें आहे कीं, पाठानंतर मुलास खेळूं द्यावें; सतत अभ्यासास जुंपल्यानें त्याचें मन मरतें.

मदिनेंतील आयांची एक रीतही हदिसींत आली आहे. आशूराच्या रोजाच्या दिवशीं त्या मुलांसाठीं लोंकरीचीं खेळणीं करून ठेवीत, आणि एखादें मूल भुकेनें रडूं लागलें म्हणजे संध्याकाळपर्यंत त्यास तें खेळणें देऊन रिझवीत. भूक लागली म्हणून मुलास कोणी दोष दिला नाहीं. व्रत आणि खेळणें एकाच हातानें दिलें.

चौथी भावना हेव्याची. ज्या घरांत दोन मुलें आहेत त्या घरांत ती आहेच. कुराणांतील बारावा सुरा, १११ आयतांचा, हजरत यूसुफ यांच्या कथेचा आहे; सबंध सुरा जवळ जवळ एकाच कुटुंबाची कथा सांगतो. बाप आपल्यापेक्षां धाकट्यावर अधिक प्रेम करतो असें थोरल्या भावांस वाटतें, आणि त्या वाटण्यांतून पुढचा सारा अनर्थ होतो. लहान यूसुफ आपलें स्वप्न येऊन बापास सांगतो. बाप तें हंसण्यावारी नेत नाहीं, नीट ऐकून घेतो आणि सावधहि करतो. पुढें पुत्रवियोगानें त्याच बापाचे डोळे रडून पांढरे होतात, आणि तरीही त्याचा सब्र मोडत नाहीं. ही कथा मुलांस केवळ चमत्काराची म्हणून सांगण्यांत येते. ती सांगतांना मध्येंच थांबून, ‘भावांस कसें वाटलें असेल? तुला कधीं तसें वाटतें काय?’ एवढें विचारलें तर धर्मकथा आणि मनाचें शिक्षण यांत भेद उरत नाहीं. मुलानें ‘होय, वाटतें’ असें म्हटलें तर रागावूं नये. ज्या हेव्यास नांव मिळालें तो विहिरीपर्यंत जात नाहीं.

घराबाहेरच्या जगाचाही विचार केला पाहिजे. नळदुर्गचें मूल खंडोबाच्या यात्रेंत पिपाणी घेतें, आणि दक्षिणेंतील मोहरमांत ताबूत-पंजांस नवस बोलणारीं हिंदु घरेंही पाहतें. परंतु तेंच मूल एखादे दिवशीं शाळेंतून खालीं मान घालून घरीं येतें. कोणी त्याच्या नांवावरून, टोपीवरून किंवा धर्मावरून टोंचून बोललेलें असतें. बापाच्या मनांतही वर्षांवर्षांचें कांहीं सांठलेलें असतें, आणि तो एकतर संतापतो, नाहीं तर ‘जाऊं दे’ म्हणून पाठ फिरवितो. दोन्ही मार्गांनीं मूल एकटें पडतें. प्रथम त्यास काय झालें तें पुरतें सांगूं द्यावें. वाईट वाटणें साहजिक आहे असें म्हणावें. आणि मग आपल्या धर्माची शिकवण सांगावी. दुसरे लोक ज्यांची भक्ति करतात त्यांस अपशब्द बोलूं नये, असा स्पष्ट आदेश कुराणाच्या सहाव्या सुऱ्यांत आहे. ज्यास स्वतःच्या अपमानाचें दुःख नीट बोलतां आलें, तोच दुसऱ्याचा अपमान करण्यापासून आंवरतो. हाच पाठ शेजारच्या हिंदु घरांतही तितकाच लागू आहे. टोंचून बोलणारें मूल कोणाचें तरी ऐकूनच बोललेलें असतें.

हें सर्व करावें कधीं, असा प्रश्न गृहस्थ विचारतील. बाप दुकानांतून रात्रीं परततो, आई कामांत, मुलें अभ्यासांत किंवा हातांतल्या मोबाईलवर. त्यास नवी शाळा नको, नवें पुस्तकही नको. दिवसांतून एक नमाज मुलांसह घरांत पढावा. पैगंबर सजद्यांत असतां एकदां त्यांचा लहान नातू पाठीवर चढून बसला, तेव्हां त्याचें मन मोडूं नये म्हणून त्यांनीं सजदा लांबविला, अशी कथा आहे. तेव्हां मूल मध्येंच लुडबुडलें तर तेवढें खपवून घ्यावें. नमाज आटोपल्यावर मात्र लगेच उठूं नये. नमाजचे शब्द अरबी. त्यांत बदल नाहीं. परंतु त्यानंतर हात पसरून मागावयाची दुवा कोणत्याही भाषेंत मागतां येते. येथें दखनी चालते, उर्दू चालते, मराठीही चालते. मुलास सांगावें कीं, आतां तुझ्या भाषेंत, तुझ्या मनांत जें असेल तें सांग. परीक्षेची भीति, मेलेलें मांजर, भावाचा आलेला राग, कांहींही. जात्याबरोबर जी घटका गेली ती अशी परत आणतां येईल.

एक पथ्य मात्र सांभाळावें. दुवा संपल्यावर, काय मागितलेंस, असें मुलास विचारूं नये. सांगावेंसें वाटलें तर तें आपण होऊन सांगेल. आणि न सांगितलें तरी घरांत एक अशी जागा आहे, जेथें आपलें सर्व ऐकलें जातें, हें त्यास कळलें म्हणजे पुरे.